ओल्गा टेलिस खटला

मुंबईच्या फुटपाथवरील झोपड्या हटवण्याविरुद्ध लढला गेलेला खटला. उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व या खटल्यामुळे भारतीय कायद्यात रुजले. निकाल १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिला. तो लिहिणारे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड दुसऱ्याच दिवशी निवृत्त झाले.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या फुटपाथवरच्या आणि झोपडपट्ट्यांतल्या लोकांना हटवून मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. ऐन पावसाळ्यात पाडकाम सुरू झाले. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्यासह फुटपाथवरचे रहिवासी आणि पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या कामराज नगरमधील झोपडीधारक न्यायालयात गेले. खटला टेलिस यांच्या नावाने ओळखला जात असला, तरी त्याचा खरा आशय या रहिवाशांच्या कहाण्यांत आहे. एक जण तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर होता. दुष्काळाने काम गेल्यावर १९६१ साली तो मुंबईत आला आणि दहिसरच्या कारखान्यात रोजंदारीवर लागला. फुटपाथवर प्लास्टिक आणि कॅनव्हासच्या आडोशासाठी झोपडीदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले होते. दुसरा संगमनेरचा चांभारकाम करणारा. गावातले घर पडल्यावर तो इथे ३५० रुपये महिन्यावर बदली कामगार झाला. तुळशीवाडीतल्या फुटपाथवरच्या जागेसाठी त्यानेही गुंडाला ३०० रुपये मोजले. म्हणजे ज्याला ‘फुकटची जागा’ म्हणून हिणवले जाते, तिचेही भाडे-पागडी हे लोक भरत होते. सेलमच्या कुटुंबाला पाडकामानंतर बसमध्ये बसवून गावी धाडले गेले. बायको-मुली तिकडेच राहिल्या. तो मात्र कामासाठी परतला आणि पुन्हा फुटपाथवरच राहू लागला.

हा परतीचा प्रवासच निकालाचा गाभा ठरला. काम जिथे आहे तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर माणूस पथारी टाकतो, म्हणून त्याचा निवारा काढणे म्हणजे त्याची रोजीरोटी काढणे, असे न्यायालयाने मानले. फुटपाथवासी गुन्हा करण्याच्या हेतूने तिथे राहत नाहीत, परिस्थितीने त्यांना तिथे आणले आहे, हेही स्पष्ट केले. मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या वतीने झोपड्या बांधण्याचा मूलभूत हक्क सांगणार नाही अशी कबुली दिली गेली होती. महापालिकेने तीच पुढे केली. पण मूलभूत हक्क कबुलीने सोडून देता येत नाहीत, असे न्यायालयाने ठणकावले.

प्रत्यक्ष आदेश मात्र याचिकाकर्त्यांच्या पदरी फारसे टाकणारा नव्हता. विनानोटीस अतिक्रमण काढू देणारे मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३१४ वैध ठरले. नोटीस देणे हाच नियम आणि ती टाळणे हा अपवाद, असा त्याचा अर्थ लावला गेला खरा, परंतु या रहिवाशांचे म्हणणे आपण स्वतःच ऐकले आहे, तेव्हा वेगळ्या सुनावणीची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, हटवू नये एवढी सवलत मिळाली. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत नोंद झालेल्यांना मुंबईच्या मालाड भागातील मालवणी किंवा अन्य सोयीच्या ठिकाणी जागा द्यावी, पण हटवण्यापूर्वी ती दिलीच पाहिजे अशी अट नाही, असा तो आदेश होता. अभ्यासक्रमांत तत्त्व शिकवले जाते. आदेशातली ही शेवटची ओळ बहुधा गळते, आणि फुटपाथवरच्या माणसाचे नशीब तर त्याच ओळीने ठरले.

नोंद असलेला आणि नसलेला ही विभागणी मुंबईत पुढे पक्की झाली. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी १ जानेवारी १९९५ आणि नंतर १ जानेवारी २००० या तारखा आल्या. त्याआधीपासून राहत असल्याचा पुरावा असेल तोच पुनर्वसनाला पात्र. त्यांबरोबर ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द वस्त्यांच्या रोजच्या बोलण्यात शिरले. फोटोपास (झोपडीधारकाचे सरकारी ओळखपत्र), वीजबिल, मतदारयादीतले नाव हे कागद घरातल्या दागिन्यांसारखे जपले जाऊ लागले. वारंवार पाडकाम होणाऱ्या फुटपाथवर मात्र कागद टिकवणेच सर्वांत अवघड.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझर कारवाईबाबतच्या, म्हणजे आरोपींची घरे शिक्षा म्हणून पाडण्याबाबतच्या, निकालात पाडकामापूर्वी १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा आणि जलाशय इथली अनधिकृत बांधकामे त्या संरक्षणातून वगळली आहेत.