संतमस आणि त्याच्या आधीची दीडशे वर्षे

२०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने आपल्या शताब्दीनिमित्त प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा एक ग्रह नाव ठेवण्यासाठी दिला. भारताच्या वाट्याला आला एचडी ८६०८१, सिंह राशीच्या दक्षिणेकडच्या सेक्स्टन्स या अंधूक तारकासमूहातला तारा. विश्वकिरणांवर मोलाचे काम करूनही हयातीत फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या बिभा चौधुरी यांच्यावरून ताऱ्याचे नाव ‘बिभा’ ठरले. ग्रहाचे ‘संतमस’, म्हणजे झाकोळलेला, हे नाव पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने सुचवलेले.

संतमसचा शोध २००६ चा. तो आपल्यापासून सुमारे ३४० प्रकाशवर्षे दूर आहे, त्याचे वस्तुमान गुरूच्या निदान दीडपट आहे आणि त्याचे वर्ष भरते अवघ्या सव्वादोन दिवसांच्या आत. सूर्यापासून बुध जितका लांब, त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतक्या अंतरावरून तो आपल्या ताऱ्याभोवती फिरतो. अशा वायुरूप, प्रचंड आणि भाजून निघणाऱ्या ग्रहांना ‘तप्त गुरू’ म्हणतात. असे ग्रह असू शकतात हे १९९५ पर्यंत जवळजवळ कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते, आणि शोध लांबला तो बराचसा त्यामुळेच.

परताऱ्यांभोवतीचे, म्हणजे सूर्य सोडून इतर ताऱ्यांभोवतीचे, ग्रह शोधण्याचा इतिहास सांगताना पुण्याचा उल्लेख सहसा होत नाही. तो व्हायला हवा. विल्यम स्टीफन जेकब हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इंजिनिअर्समधला अधिकारी. त्याने १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली. पाच फुटी डॉलंड दुर्बिणीतून तो जोडतारे बघायचा: दोन ताऱ्यांमधले अंतर किती आणि एकाच्या मानाने दुसरा कोणत्या कोनात आहे, एवढेच मोजायचे, पण ते वर्षानुवर्षे आणि कमालीच्या काटेकोरपणे. १८४८ मध्ये त्याने पुण्याहून वेध घेतलेल्या २४४ जोडताऱ्यांची यादी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर केली. त्याच वर्षअखेरीस तो मद्रास वेधशाळेचा संचालक झाला.

तिथून १८५५ मध्ये त्याने दावा केला की भुजंगधारी समूहातल्या ७० ऑफियुची या जोडताऱ्याची कक्षा गणिताशी जुळत नाही, आणि याचे कारण तिथला एखादा न दिसणारा ग्रह असण्याची दाट शक्यता आहे. परताऱ्याभोवतीच्या ग्रहाचा, मोजमापांच्या आधारे केलेला हा बहुधा पहिलाच दावा. तो टिकला नाही. १८९० च्या दशकात टी. जे. जे. सी यांनी त्याच ताऱ्याबद्दल पुन्हा तसाच दावा केला, तेव्हा फॉरेस्ट मोल्टन यांनी १८९९ मध्ये दाखवून दिले की सी म्हणतात तशी रचना तिथे तगूच शकणार नाही. जेकबला मात्र पुण्याची हवा खुणावत राहिली. डोंगरमाथ्यावर वेधशाळा थाटण्यासाठी तो १८६२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उतरला आणि पुण्यात पोहोचल्यावर आठवडाभरातच वारला. वय पन्नासच्या आत. ती वेधशाळा झाली असती तर, हा विचार मला अजून सोडत नाही.

जेकबची चूक मोजमापाच्या मर्यादेची होती. विसाव्या शतकातली अडचण वेगळी. आपला गुरू सूर्याला सुमारे १२ वर्षांत एक फेरी घालतो आणि त्या ओढीने सूर्य सेकंदाला साधारण १३ मीटर वेगाने मागेपुढे होतो. म्हणजे ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास, रस्त्यावरच्या स्कूटरइतका. इतका बारीक फरक ताऱ्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत पसरवून मिळणाऱ्या पट्ट्यातल्या, रेषा किंचित सरकण्यावरून पकडायचा, तोही दशकभर चिकाटीने. कॅनडाचे ब्रूस कॅम्पबेल आणि गॉर्डन वॉकर १९८० पासून बारा वर्षे हेच करत राहिले. त्यांच्या तंत्राची अचूकता याच तोडीची होती. त्यांनी जेमतेम वीस-एकवीस तारे तपासले आणि हाती ठोस काही लागले नाही. आज आपल्याला माहीत आहे की सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांत तप्त गुरू फार तर एखाद्याच ताऱ्याला असतो. त्यांचे नशीब आडवे आले, दुसरे काही नाही.

खरे तर वाट आधीच कोणीतरी दाखवली होती. खगोलशास्त्रज्ञ ऑटो स्ट्रूव्ह यांनी १९५२ मध्ये एका छोट्याशा लेखात लिहिले होते की गुरूएवढा ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळ, एका दिवसात प्रदक्षिणा घालत का नसावा? तसा तो असेल तर ताऱ्याची डगमग तेव्हाच्या उपकरणांनाही पकडता येईल आणि तो ताऱ्यासमोरून गेला तर प्रकाश मोजण्याइतका कमी होईल. नंतर वापरल्या गेलेल्या दोन्ही पद्धती त्या लेखात आहेत. पण मोठे ग्रह ताऱ्यापासून लांब, बर्फ गोठते तिथेच बनतात, ही समजूत इतकी घट्ट होती की चार दिवसांचे वर्ष असलेला गुरू शोधण्यासाठी दुर्बिणीचा वेळ मागणार कोण?

१९९४ च्या अखेरीस फ्रान्सच्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत दिदिए केलोझ हा पीएचडीचा विद्यार्थी एलोडी नावाचा नवा वर्णपटमापक वापरत होता. ताऱ्याचा प्रकाश ऑप्टिकल फायबरमधून आत यायचा आणि हजारो रेषा एकदम ताडून संगणक तिथल्या तिथे वेग सांगायचा. ५१ पेगासी या ताऱ्याचा वेग स्थिर राहीना. केलोझला आधी शंका आली ती स्वतःच्याच प्रणालीची. हा तारा आपल्या पूर्वा भाद्रपदेच्या दोन ताऱ्यांच्या जवळच आहे. तो काही महिने सूर्याआड गेला, तेव्हा केलोझ आणि त्याचे मार्गदर्शक मिशेल मेयर यांनी आकडेमोड करून ठेवली. जुलै १९९५ मध्ये तारा पुन्हा दिसू लागला आणि वेग भाकिताबरहुकूम निघाला: ४.२३ दिवसांचे आवर्तन, सेकंदाला ५० मीटरहून जास्त डगमग. ६ ऑक्टोबरला फ्लॉरेन्समध्ये घोषणा झाली. जेफ मार्सी आणि पॉल बटलर यांनी कॅलिफोर्नियातून लगोलग दुजोरा दिला. मेयर आणि केलोझ यांना नोबेल मिळाले २०१९ मध्ये, संतमसचे बारसे झाले त्याच वर्षी.

पुढचे वेगाने घडले. १९९९ मध्ये एचडी २०९४५८ या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह जाताना दिसला, म्हणजे स्ट्रूव्हची दुसरी पद्धतही खरी ठरली. २००२ मध्ये त्याच ग्रहाच्या वातावरणात सोडियम सापडले. आपल्याकडे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूवरच्या ‘पारस’ वर्णपटमापकाने टीओआय-१७८९ भोवतीचा तप्त गुरू २०२१ मध्ये शोधला. हे ग्रह लांब जन्मून आत सरकले, की एखाद्या शेजाऱ्याच्या हिसक्याने आत ढकलले गेले, यावरचा वाद मिटलेला नाही. काही ग्रह ताऱ्याच्या फिरण्याच्या उलट दिशेने प्रदक्षिणा घालतात, त्यामुळे निदान त्यांच्या बाबतीत दुसरे कारण मला जास्त पटते.

पुण्याकडे परत यायचे तर नारायणगावजवळच्या खोडदला यावे लागेल. आपला गुरू जोरदार रेडिओलहरी फेकतो हे १९५५ पासून माहीत आहे. ताऱ्याला खेटून असलेला गुरू ताऱ्यातून सतत सुटणाऱ्या भारित कणांच्या वाऱ्याचा मारा खात कितीतरी जास्त फेकेल, असा अंदाज होता. म्हणून खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या एचडी १८९७३३, एचडी २०९४५८ आणि टाऊ बोओटिस यांच्या ग्रहांकडे वळवल्या गेल्या, १५० मेगाहर्ट्झवर. संकेत आला नाही. याचे एक कारण सरळ आहे: अशा लहरींची वारंवारता ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्रावर ठरते, एका गॉसला (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) २.८ मेगाहर्ट्झ. आपल्या गुरूच्या लहरी ४० मेगाहर्ट्झच्या आसपास संपतात. १५० ला पोहोचायचे तर ग्रहाचे क्षेत्र पन्नासहून जास्त गॉस हवे. ते त्याहून क्षीण असेल, तर ग्रह कितीही जोरात बोलला तरी त्याचा आवाज त्या पट्ट्यात येणारच नाही.