केसपेपर आणि चिठ्ठी: एकाच पडद्यावरून निघणारे दोन कागद

"डाक्टर, तुम्ही मोबाइलवर पाठवलं ते मेडिकलवाल्याला दाखवलं, त्यानं हे सगळं दिलं," म्हणत एक काका पिशवी घेऊन दवाखान्यात आले. पिशवीत गोळ्यांबरोबर तीन इंजेक्शनंही होती. ती तिन्ही मी आदल्या संध्याकाळीच त्यांच्या मोती कुत्र्याला टोचली होती. मेडिकलवाल्याला काय बोलणार? त्याच्याकडे औषधाच्या चिठ्ठीच्या जागी केसपेपर, म्हणजे माझ्या तपासणीच्या नोंदींचा कागद, पोचला होता.

परभणीत मी हातानं लिहायचो तेव्हा ही भानगड नव्हती. केसपेपर कपाटात राहायचा, चिठ्ठी फाडून हातात द्यायचो. आता दोन्ही ऑनलाइन सॉफ्टवेअरच्या एकाच पडद्यावर भरतात. दोन्हीवर दवाखान्याचं नाव, कुत्र्याचं नाव, तारीख, खाली औषधांची रांग. पीडीएफ व्हॉट्सॲपवर गेली की कोणती कोणती, हे मालकाला कळायला मार्ग नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. केसपेपरमध्ये 'दिलं' असतं, चिठ्ठीत 'द्या'. केसपेपर ही माझी आठवण: ताप किती, हिरड्या फिक्या का, सलाईन किती गेलं. तिथं मी 'गोचीडताप?' असं प्रश्नचिन्ह टाकून ठेवतो, ते चालतं. चिठ्ठीत प्रश्नचिन्ह चालत नाही, कारण ती वाचणारा माणूस जनावराला पाहत नसतो.

कायद्यालाही चिठ्ठीच कळते. 1945 च्या औषध नियमांनुसार चिठ्ठीवर लिहून देणाऱ्याची सही आणि तारीख लागते, औषध एकूण किती द्यायचं आणि डोस किती ते लागतं, आणि जनावराचं औषध असेल तर मालकाचं नाव-पत्ता लागतो. सॉफ्टवेअरमध्ये 'पेशंट' म्हणून 'मोती' भरला की पुष्कळजण मालकाचा पत्ता रिकामा सोडतात. सहीचा फोटो चिकटवला म्हणजे डिजिटल सही झाली, असंही नाही. मी छापून, पेनानं सही करून, खाली नोंदणी क्रमांक टाकून देतो. जुनाट वाटेल, वाटू द्या.

खरी गफलत होते ती मिलिग्रॅम आणि मिलिलिटरची. केसपेपरमध्ये मी 'मेलॉक्सिकॅम 1.5 मिग्रॅ' एवढंच लिहिलं तरी मला पुरतं. चिठ्ठीत ते अर्धवट आहे. हे पातळ औषध मिलिलिटरला 1.5 मिलिग्रॅमचं मिळतं आणि 0.5 मिलिग्रॅमचंही. पहिल्या बाटलीतून 1 मिली पाजायचं, दुसरीतून 3 मिली. आता उलटं धरा: चिठ्ठीत 0.5 ची बाटली धरून '3 मिली' लिहिलं, ताकद लिहिली नाही, आणि मेडिकलवाल्यानं 1.5 ची बाटली दिली, तर तिप्पट औषध पोटात गेलं. म्हणून ताकद, मिली, दिवसातून किती वेळा, किती दिवस, हे सगळं चिठ्ठीतच पाहिजे. मालकासाठी '1-0-1' च्या शेजारी 'सकाळी-संध्याकाळी, खाल्ल्यावर' असं मराठीत लिहावं.

'मागचीच चिठ्ठी पुन्हा' हे बटण तर मला विंचवासारखं वाटतं. केसपेपरमधलं वजन बदलतं, उचललेल्या चिठ्ठीत जुनंच राहतं. जूनमध्ये 3 किलोचं पिल्लू ऑगस्टमध्ये 9 किलोचं होतं; जंताचं औषध मात्र 3 किलोच्या हिशेबानं जातं आणि जंत तसेच राहतात.

मांजराच्या चिठ्ठीवर 'मांजर' हा शब्द ठळक हवा. माणसाच्या तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळीही मांजराच्या जिवावर बेतते, आणि 'ताप आहे' ऐकून शेजारीपाजारी नेमकी तीच सुचवतात. नुसत्या 'मनी' या नावावरून मेडिकलवाल्याला मांजर कळेलच असं नाही. आमच्याकडे एका पॉमेरियनचं नावही मनीच आहे.

केसपेपर मालकाकडे नसावा, असं नाही. परभणीच्या किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जनावर पुढं न्यायचं असेल तेव्हा तोच कामाला येतो; तिथल्या डॉक्टरला आधी काय टोचलंय ते चिठ्ठीवरून कळणार नाही.

काकांकडे बिल होतं म्हणून इंजेक्शनं परत गेली. त्या दिवसापासून केसपेपर आपोआप व्हॉट्सॲपवर जाणं मी बंद केलंय. मागितला तरच पाठवतो, आणि त्यावर वर मोठ्या अक्षरात येतं: 'मेडिकलवर दाखवू नये'.