वर्गातली मस्ती, मार्क आणि खापर कुणाच्या डोक्यावर: पुण्यातली पावणेदोनशे वर्षं

पहिली ते चौथीच्या कुठल्याही ओपन हाउसला पुण्यात दोन वाक्यं कानावर पडतातच, एक "हुशार आहे हो, पण एका जागी बसत नाही" आणि दुसरं "घरी जरा लक्ष द्या". मग घरी आल्यावर आई म्हणते शाळेत शिकवतच नाहीत, बाबा म्हणतात त्याचा मोबाईल आधी बंद कर, आजी म्हणते आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं. हा वाद काही आजचा नाही. मूल वर्गात कसं वागतं, त्याला किती येतं आणि नाही आलं तर दोष कुणाचा, यावर या गावात पावणेदोनशे वर्षं तरी खल चाललाय आणि दर पिढीला आरोपी बदललाय.

सुरुवात पंतोजींपासून करू. पेशवाई 1818 ला गेली तेव्हा शाळा म्हणजे कुणाच्या तरी ओसरीवर नाहीतर देवळात बसणारे पंतोजी, धूळपाटी, मोडीचं वळण आणि पावकी निमकी दिडकीची घोकंपट्टी. सगळ्या वयाची पोरं एकत्र, जो तो आपापल्या चालीने पुढे जाणार, वर्ग आणि इयत्ता असलं काही फारसं नाही. (ही आपापल्या चालीची गोष्ट नंतर आपण घालवली आणि आता लाखो रुपयांच्या ट्रेनिंगमधून परत शिकतोय, पण ते असो.) पोराला येत नसेल तर कारण एकच, पोरगं मठ्ठ किंवा द्वाड, आणि उपायही एकच, छडी. ज्यांना तिथे बसूच द्यायचं नाही त्यांच्या प्रगतीचा तर प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न आला 1848 मध्ये, बुधवार पेठेत भिडे वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली तेव्हा. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण आपल्या विषयासाठी मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते जोतीरावांनी 1882 मध्ये हंटर कमिशनला, म्हणजे इंग्रज सरकारने शिक्षणाची पाहणी करायला नेमलेल्या आयोगाला दिलेलं निवेदन. त्यात प्राथमिक शिक्षण निदान 12 वर्षं वयापर्यंत सक्तीचं करा ही मागणी आहेच, पण मास्तर कसा असावा याबद्दल जे लिहिलंय ते वाचून आजही माणूस चमकतो. त्यांचं म्हणणं असं की शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातूनच घ्या, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हातात धरायला न लाजणारा, लोकांत मिसळणारा, कारण सोवळंओवळं सांभाळत लांब राहणाऱ्या मास्तरापेक्षा असा माणूस मुलांच्या गरजा जास्त ओळखेल. म्हणजे बघा, मूल शिकत नाही याचं कारण पोराच्या डोक्यात न शोधता मास्तर आणि पोर यांच्यातल्या अंतरात शोधणारा माणूस पुण्यात 1882 ला होता. आजच्या बीएडच्या पुस्तकात शिक्षक-विद्यार्थी नातं म्हणून जो धडा असतो तो यापेक्षा फार पुढे गेलाय असं मला तरी वाटत नाही.

सक्तीचं पुढे काय झालं तर गोखल्यांनी 1911 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं आणि 1912 मध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. सरकारला पैसा नको होता घालायला आणि जमीनदारांना शेतावर राबणारी पोरं हवी होती. मग 1917 ला शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्ती केली, 1918 ला मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांचा कायदा आला, 1923 आणि 1947 ला आणखी कायदे. हे सगळं भराभर सांगतोय कारण मुद्दा वेगळा आहे. जोपर्यंत ज्याला परवडतं तोच शाळेत येत होता तोपर्यंत वर्गातली वागणूक हा प्रश्न फारसा नव्हताच, जो बसत नाही तो आपसूक गळायचा. सगळ्या घरांतली पन्नास-साठ पोरं एकाच वयाची म्हणून एका खोलीत, एका फळ्यासमोर, पाच तास बसवायची ठरलं तेव्हा कुठे एका जागी बसत नाही ही तक्रार जन्माला आली.

त्या तक्रारीला पहिलं शास्त्रीय उत्तर आलं बुद्ध्यंकाचं. पॅरिसमध्ये बिने आणि सिमोन यांनी 1905 मध्ये चाचणी बनवली ती कुठल्या मुलांना जास्तीची मदत लागेल हे शोधायला, कपाळावर शिक्का मारायला नाही. आपल्याकडे डॉ. कामतांनी 1930 च्या दशकात तिचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केलं, कामत टेस्ट म्हणून ती महाराष्ट्रात कितीतरी वर्षं वापरात राहिली. पण मदतीची गोष्ट मागे पडली आणि शिक्का राहिला. तुकड्या आठवा की. अ तुकडीत स्कॉलर, ब मध्ये बरे, ड मध्ये उरलेले, आणि ड तुकडीला शिकवायला जाणारे सर दारातूनच वैतागलेले. चौथीच्या स्कॉलरशिपला कोण बसणार हे अ तुकडीच्या बाहेर विचारायचीच सोय नाही.

अमेरिकेत रोझेनथल आणि जेकबसन यांनी 1968 मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवलं. एका प्राथमिक शाळेत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दर पाचांत एक अशी मुलं निवडली आणि शिक्षकांना सांगितलं की ही यंदा एकदम पुढे जाणार आहेत. वर्षअखेरीला पहिली-दुसरीतली ती मुलं खरंच पुढे गेलेली दिसली. या प्रयोगावर नंतर टीकाही खूप झाली, परिणाम तेवढा मोठा नसतो असं म्हणणारे बरेच आहेत, पण बाईंनी मनात काय धरलंय ते पोराला कळतं हे कुठल्याही ड तुकडीवाल्याला विचारा. पुण्यात 1962 ला आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तिथे मानसशास्त्राची बैठक पक्की होती आणि गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीवर काम झालं, म्हणजे बुद्धी हा एक आकडा नसून बऱ्याच क्षमतांचा गुच्छ आहे असं धरून. अर्थात तिथे भर हुशार मुलांवर होता, मागच्या बाकाचं कोडं तसंच राहिलं.

आता 1966 कडे या, कारण त्या एका वर्षी दोन मोठे रिपोर्ट आले. अमेरिकेत कोलमन रिपोर्ट, सहा लाखांच्या आसपास विद्यार्थी आणि चार हजार शाळा तपासून त्यांनी म्हटलं की इमारत, पुस्तकं, खर्च यातल्या फरकापेक्षा घरची परिस्थिती मुलाच्या प्रगतीवर जास्त भारी पडते. आपल्याकडे शिक्षणावरचा कोठारी आयोग, ज्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. यांनीच 1948 मध्ये मुंबईत काढलेली भारतीय शिक्षण संस्था 1976 मध्ये पुण्यात आली आणि कोथरूडमधून तिचं काम चाललं. कोलमनचा लोकांनी सोयीचा तेवढा अर्थ घेतला, घरचंच वातावरण नाही हो, आम्ही काय करणार, हे वाक्य तिथूनच बळावलं असणार. पण त्याच रिपोर्टात दुसरी गोष्ट होती की शेजारच्या बाकावर कोण बसतं त्यानेही फरक पडतो. कोठारींनी सुचवलेली परिसर शाळा, म्हणजे बंगल्यातलं आणि वस्तीतलं मूल एकाच शाळेत, नेमकी त्यासाठीच महत्त्वाची होती आणि नेमकी तीच आपण केली नाही. खाजगी शाळांत 25 टक्के आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या जागा ही तिची फार उशिरा आलेली, पातळ झालेली आवृत्ती आहे.

घर झालं, आता शिक्षक. जेकब कूनिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वर्गांचे तासन् तास व्हिडिओ बघून 1970 मध्ये लिहिलं की मस्ती झाल्यावर बाई ओरडतात की समजावतात याने फारसा फरक पडत नाही, फरक पडतो तो मस्ती व्हायच्या आधी. फळ्याकडे तोंड असतानाही मागे काय चाललंय हे ज्या बाईंना ठाऊक असतं, एका कामातून दुसऱ्या कामात वर्ग नेताना ज्या मध्ये रिकामी पाच मिनिटं पडू देत नाहीत, त्यांचा वर्ग शांत. वह्या वाटताना जो गोंधळ होतो ना, तिथेच निम्मा तास जातो आणि तिथेच मारामाऱ्या होतात. पण हे साठ पोरांत कसं जमायचं? टेनेसी राज्यात 1985 पासून चार वर्षं मोठा प्रयोग झाला, 13 ते 17 मुलांचे छोटे वर्ग आणि 22 ते 25 चे नेहमीचे, आणि छोट्या वर्गातली मुलं वाचनात-गणितात पुढे निघाली, गरीब घरातल्या मुलांना फायदा जास्त. त्यांचा मोठा वर्ग 25 चा, हे वाचून आपल्याकडच्या बाई हसतील की रडतील सांगता येत नाही.

आपल्याकडे मूल बदलण्याऐवजी मांडणी बदलायचा विचार खरा रुजवला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, बोर्डी आणि कोसबाडला. गुरं राखायची म्हणून पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच कुरणावर नेऊ, अशी त्यांची कुरणशाळा. अंगणवाडीची कल्पनाही तिथलीच, 1975 मध्ये ती देशभरच्या योजनेत गेली.

मग पोटाची पाळी. शाळेत आहार देण्याची केंद्राची योजना 15 ऑगस्ट 1995 ला आली पण महाराष्ट्रात आधी मिळायचा तो कोरडा तांदूळ, 80 टक्के हजेरी असेल तर महिन्याला तीन किलो. दुसरीतली पोरगी दप्तर पाठीला आणि तांदळाची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून घरी निघालीये, हे चित्र त्या काळी नगरपालिकेच्या शाळेबाहेर असायचं. तो तांदूळ घरच्या पाच-सहा तोंडांत वाटला जायचा आणि अकरा वाजता वर्गात ती पोरगी पेंगायची ती पेंगायचीच. सुप्रीम कोर्टाने 28 नोव्हेंबर 2001 ला शिजवलेलंच अन्न द्या म्हणून आदेश दिला आणि मग खिचडी आली.

पोटाचा हिशोब तर जन्माच्याही आधी सुरू होतो हे पुण्याच्याच संशोधनातून दिसलंय. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिक यांच्या टीमने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि नंतर त्यांची मुलं यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ती मुलं नऊ वर्षांची झाल्यावर असं दिसलं की ज्यांच्या आईच्या रक्तात गरोदरपणी दूध-मांसातून मिळणारं बी-12 जीवनसत्त्व कमी होतं ती मुलं लक्ष टिकवण्याच्या आणि तात्पुरत्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मागे पडली. लक्ष देत नाही म्हणून चौथीत ज्याचा कान पिळला त्या पोराच्या कहाणीत आईच्या ताटातलं दूधही येतं, हे मास्तरांना कुणी सांगितलंय का कधी?

याच सुमारास लेबलं आली. लंडनचे डॉ. स्टिल यांनी 1902 मध्येच अतिचंचल मुलांचं वर्णन केलं होतं, एडीएचडी हे नाव पक्कं झालं 1987 मध्ये. महाराष्ट्र सरकारने 1996 मध्ये लर्निंग डिसॅबिलिटी (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या आणि मग डेक्कन-कोथरूडकडच्या पालकांना हे शब्द तोंडपाठ झाले, तर वस्तीतल्या पोराला तोच त्रास असूनही तो आपला उनाडच. मला लेबलाचं वावडं नाही, त्याने किती मुलांची मारातून सुटका झाली, पण ते मिळवायला आधी फी लागते हे खुपतं.

पुणे वाढलं तशी आणखी एक बाजू पुढे आली. बांधकामाच्या साइट, वीटभट्ट्या, तिथे कर्नाटकातून, मराठवाड्यातून, बिहारमधून आलेली कुटुंबं. आज हिंजवडी, सहा महिन्यांनी वाघोली. ज्याला बाईंची भाषाच कळत नाही तो एकतर गप्प बसतो नाहीतर शेजारच्याला चिमटे काढतो, दोन्हीची नोंद वागणूक म्हणूनच होते. डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था 1993 पासून पुण्यात हेच काम करतायत, शाळा मुलांच्या दारात न्यायचं.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला, कलम 17 ने मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलं, आठवीपर्यंत नापास करणं थांबलं, पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक ठरला. छडी गेली पण छडीच्या जागी काय करायचं हे कुणी नीट शिकवलं नाही, त्यामुळे काही वर्गांत नुसता आरडाओरडा उरला. प्रथम या संस्थेचा असर रिपोर्ट, म्हणजे मुलांना किती वाचता-मोजता येतं याची पाहणी, 2005 पासून सांगतच होता की ग्रामीण भागात पाचवीतल्या बऱ्याच मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, आणि ज्याला समोरचं वाचताच येत नाही तो तासभर करणार काय, मस्तीच ना. त्याच संस्थेच्या मुंबई-बडोद्यातल्या बालसखी प्रयोगात वस्तीतल्याच तरुण मुलींनी मागे पडलेल्या पोरांना त्यांच्या पातळीवरून शिकवलं आणि ती पुढे सरकली. करोनाने जवळपास दोन वर्षं प्राथमिक वर्ग बंद ठेवले, मग बाकावर कधीच न बसलेली पोरं थेट दुसरी-तिसरीत आली. आणि 2023 मध्ये पाचवी-आठवीला पुन्हा पास-नापास आलं, म्हणजे खापर फिरून पोराच्याच डोक्यावर.

सध्या सगळ्यात नवा आरोपी झोप आहे. राज्यपालांनी डिसेंबर 2023 मध्ये विषय काढला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने जीआर काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. कागदावर झकास. पण पुण्यात एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक अशा दोन शिफ्ट चालतात, व्हॅनवाले काका तीच गाडी दोनदा फिरवतात, आईबाबांना नऊला ऑफिस गाठायचं असतं, त्यामुळे कितीतरी शाळांनी अडचणींचा पाढा वाचला, काहींनी सूट मागितली आणि काही ठिकाणी पालकच म्हणाले राहू द्या हो सातचीच.