शोधनियतकालिकांतील हितसंघर्ष

शोधनिबंध लिहिणारा, तपासणारा (परीक्षक) किंवा छापायचा की नाही हे ठरवणारा यांपैकी कोणाच्याही निर्णयावर पैसा, नाते, नोकरी, स्पर्धा किंवा ठाम भूमिकेचा परिणाम होऊ शकेल अशी स्थिती. संबंध आहे म्हणून निबंध वाईट ठरत नाही. मात्र तो संबंध संपादकाला आधी आणि वाचकाला निबंधासोबत कळलाच पाहिजे.

पैशाचा संबंध ओळखायला सोपा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या हितसंबंध जाहीर करण्याच्या नमुन्यात प्रस्तुत कामाला मिळालेली सर्व मदत मुदतीविना आणि इतर संबंध मागील 36 महिन्यांचे लिहावे लागतात. निपाणी परिसर तंबाखू-विडीचा. तिथल्या विडी कामगारांच्या श्वसनविकारांची पाहणी करताना कारखानदाराने नुसती जीप दिली, तरी ती मदतच, ती नोंदवावी. तंबाखू उद्योगाच्या पैशातून झालेले संशोधन ‘प्लॉस मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 पासून आणि ‘बीएमजे’ या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकाने 2013 पासून स्वीकारणे बंद केले आहे.

बेळगाव सीमाभागातील मराठी संशोधनात खरी अडचण माणसांच्या जवळिकीची आहे. खानापूरच्या बोलीवर लिहिणारे मोजके. नाव झाकले तरी गावांची यादी पाहून परीक्षक लेखक ओळखतो. परीक्षक बहुधा मार्गदर्शक, गुरुबंधू किंवा त्याच संस्थेचा सहकारी निघतो. म्हणून नेमणुकीपूर्वी संपादकाने लेखक-परीक्षक दोघांचे सहलेखन (साधारण तीन वर्षांचे), पीएच.डी.चे नाते आणि नोकरीची संस्था पडताळावी. मार्गदर्शक-विद्यार्थी नात्याला मुदत लावू नये, ते वर्षांनी विरत नाही. कोल्हापूर, धारवाड, गोव्यातही ओळखीचेच सापडले, तर निबंध नागपूर किंवा बडोद्याला पाठवावा. महिनाभर उशीर परवडतो.

संपादकाचा स्वतःचा निबंध असेल तर तो पूर्ण बाजूला होतो: परीक्षकांची नावे, अभिप्राय, चर्चा यांतले काहीही त्याला दिसता कामा नये. महाविद्यालयीन अंकांत इथेच घोळ होतो, कारण सगळी टपाले एकाच ईमेल खात्यावर येतात. सहसंपादकासाठी वेगळे खाते उघडणे हा साधा उपाय आहे.

सीमाप्रश्नावरील लेखनात भूमिका हाही हितसंबंध. 2004 पासून हा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. कोणत्याही बाजूच्या समितीचे सदस्यत्व किंवा सरकारी पद लेखकाने आणि परीक्षकाने सांगावे. दोन्ही परीक्षक एकाच बाजूचे नेमू नयेत.

दडवलेला संबंध छपाईपूर्वी कळला, तर लेखकाला लेखी विचारून निवेदन सुधारून घ्यावे. छापल्यावर कळला, तर शुद्धिपत्र काढावे. निष्कर्षच डळमळत असतील तर निबंध मागे घ्यावा. लेखक दाद देत नसेल तर त्याच्या संस्थेला कळवावे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला लस व स्वमग्नता यांची सांगड घालणारा 1998 चा निबंध 2010 मध्ये मागे घेतला गेला, लसउत्पादकांविरुद्ध दाव्याची तयारी करणाऱ्या वकिलांकडून प्रमुख लेखकाला मिळालेला पैसाही त्यात जाहीर केलेला नव्हता. निबंधाखाली ‘हितसंघर्ष नाही’ एवढे वाक्य असले तरी ते प्रत्येक सहलेखकाला स्वतंत्रपणे विचारूनच छापावे.