सोसायटीच्या मीटिंगमधले वायकिंग

पार्किंगवरून भांडण पेटलं की सोसायटीतले एक काका हमखास उठतात, "आधी बायलॉजमध्ये काय लिहिलंय ते बघा!" आता गंमत अशी की हा शब्द बहुधा वायकिंगांकडून, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या स्कँडिनेव्हियातल्या दर्यावर्दी लुटारूंकडून आलाय. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या इंग्लंडमधल्या नावांतलं शेवटचं 'बी' म्हणजे त्यांच्या भाषेत गाव, आणि 'लॉ' हा शब्दसुद्धा त्यांचाच, म्हणजे बायलॉ हा झाला गावचा कायदा.

793 मध्ये त्यांनी इंग्लंडमधला लिंडिसफार्नचा मठ लुटला तो किस्सा सगळ्यांना माहिती असतो, पण मला जास्त भारी वाटते ती 876 ची नोंद. त्या काळच्या इंग्रजी बखरीत लिहिलंय की या लोकांनी नॉर्थम्ब्रियात, म्हणजे उत्तर इंग्लंडात, जमिनी वाटून घेतल्या आणि नांगरायला लागले. बस, तिथून पुढे ते हळूहळू तिथलेच झाले, तिथल्याच बायका केल्या, बाप्तिस्मा घेतला, पण जुना देव काही लगेच सुटला नाही. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कला साधारण 920 च्या सुमाराची चांदीची नाणी आहेत, त्यावर नाव सेंट पीटरचं आणि त्याच नावाच्या शेजारी त्यांच्या 'थोर' नावाच्या जुन्या देवाचा हातोडा!

इंग्रजी आणि वायकिंगांची भाषा सख्ख्या चुलत बहिणी, त्यामुळे त्यांचे शब्द इंग्रजीच्या थेट स्वयंपाकघरात शिरले. एग, नाईफ, हजबंड, स्काय, इतकंच काय 'दे' (they) आणि 'देम' (them) पण. सर्वनाम उसनं घेणं ही साधी गोष्ट नाही हां, आपण फारसीतून एवढे शब्द घेतले पण 'तो-ती-ते' आपलेच ठेवले ना. विंडो म्हणजे मुळात 'वाऱ्याचा डोळा', आपल्याकडे गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा, खिडकी बघून डोळाच आठवतो बहुतेक माणसाला.

फ्रान्समध्ये तर अजून फास्ट झालं. 911 मध्ये रोलो नावाच्या वायकिंग सरदाराला सीन नदीकाठचा मुलूख मिळाला आणि त्याच्या खापरपणतूचा मुलगा विल्यम 1066 मध्ये इंग्लंड जिंकायला आला तो फ्रेंच बोलत.

यॉर्कला कधी गेलात तर कॉपरगेट नावाचा रस्ता आहे, तिथे गेट शोधू नका, तांबं पण नाही. वायकिंगांच्या भाषेत 'गाटा' म्हणजे रस्ता, आणि कॉपर म्हणजे लाकडी कप-वाट्या करणारे कारागीर. 1976 ते 81 मध्ये तिथे खोदलं तेव्हा खरंच लाकडी वाट्या आणि त्या कातताना उरलेले गाभ्याचे तुकडे निघाले.