लावणीच्या चिखलातलं कापड

बार्देशातल्या एका जुन्या घरात मांडलेलं वस्त्रसंग्रहालय पाहायला मी आत्याला घेऊन गेले होते. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत संध्याकाळ झाल्यासारखं. उंबरठ्यातच आत्या थबकली. "गो, हांगा इतलो काळोख कित्याक?" उजेडानं जुनी कापडं खराब होतात, असं मी तिला सांगितलं. तेवढ्यावर ती गप्प बसली, ती काचेमागचं एक लाल-पांढऱ्या चौकड्यांचं जाडंभरडं लुगडं दिसेपर्यंत. मग म्हणाली, "हें आमगेल्या शेतांत लावणेक येतल्या बायलांचें कापड. उन्हापावसांत वर्सां काडटालें. आनी हांगा ताका दिव्याचो उजवाड सोंसना?"

प्रश्न रास्त होता. पुढचा तासभर मी बाकीच्या वस्तू नीट पाहिल्याच नाहीत.

कोंकणीत साडीला 'कापड'च म्हणतात. काचेमागचं कापड कुणबी-गावडा बायकांचं. गोव्यातल्या गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांचा अनुसूचित जमातींमध्ये समावेश २००३ साली झाला, पण इथल्या डोंगरउतारावरच्या आणि खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या, शेतीचं काम त्यांनी कित्येक पिढ्या ओढलेलं आहे. नेसायची पद्धतही त्या कामातून आलेली: गुडघ्यापर्यंतच, पदर आवळून खांद्यावर गाठ, पूर्वी चोळी नाहीच. ही गाठ आणि ही उंची आज 'स्टाईल' म्हणून दाखवतात. मला त्यात भौतिकशास्त्र दिसतं.

सुती कापडाचं टोक पाण्याला टेकलं की पाणी आपोआप वर चढतं. धाग्यातल्या तंतूंच्या मधल्या बारीक फटी नळ्यांसारखं काम करतात, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसंच. घोट्यापर्यंतचं लुगडं नेसून खाचरात उतरलं, तर अर्ध्या तासात ते पोटरीपर्यंत भिजणार. सुती कापड स्वतःच्या वजनाहून जास्त पाणी धरू शकतं, म्हणजे दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बाईच्या कमरेला तेवढं ओझं. काठ गुडघ्याच्या वर ठेवला की वात तेलाला लागतच नाही.

तरी कापड भिजायचंच. जून-जुलैच्या लावणीत कोरडं काय राहणार? इथे कापसाचा एक गुण कामाला येतो: ओला झाला की तो जास्त मजबूत होतो. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच लांबलेली पेशी. बोंड उकललं की ती पेशी वाळते, चपटी होते आणि रिबिनीसारखी स्वतःभोवती पिळली जाते. हे नैसर्गिक पीळ नसते, तर तंतू एकमेकांना धरून राहिलेच नसते आणि टकळीवर सूत निघालंच नसतं. तंतू जवळजवळ सगळा सेल्युलोजचा, म्हणजे वनस्पतींचं अंग ज्याचं बनतं त्या द्रव्याचा, आणि त्या सेल्युलोजच्या रेणूंच्या साखळ्या फार लांब असतात. कोरड्या तंतूत काही साखळ्या ताणलेल्या तर काही सैल असतात, त्यामुळे ताण पडला की ताणलेल्या आधी तुटतात. पाणी आत शिरलं की साखळ्या थोड्या सरकतात, सरळ होतात आणि भार वाटून घेतात. रेयॉनही सेल्युलोजचंच. पण त्याच्या साखळ्या आखूड आणि विस्कळीत, म्हणून ते भिजलं की जवळपास निम्मी ताकद गमावतं. रेयॉनची ओढणी पिळताना फाटते आणि जुना पंचा दगडावर आपटूनही टिकतो, यामागचं कारण हेच.

आत्याला मी यातलं अर्धंच सांगितलं. ती म्हणाली, हे तिला ठाऊकच आहे. पंच्याचं.

चौकड्यांबद्दल दोन शब्द. विणकर माग भरतो तेव्हा ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, लाल आणि पांढरे धागे ठरावीक मोजणीनं लावतो आणि धोट्यातून बाण्याचे, म्हणजे आडवे, धागेही त्याच मोजणीनं टाकतो. लालावर लाल पडलं तिथे गडद चौकोन, पांढऱ्यावर पांढरं पडलं तिथे पांढरा, आणि लालावर पांढरं पडलं तिथे लांबून गुलाबी दिसतं. गुलाबी रंगाचा एकही धागा त्यात नसतो. इतके बारीक ठिपके डोळ्याला वेगळे करता येत नाहीत, म्हणून तो त्यांचा मिलाफ करून टाकतो. काचेला नाक लावून पाहिलं की गुलाबी नाहीसं होतं. आत्यानं हे तीनदा करून पाहिलं.

खरी गुंतागुंत लाल रंगात आहे. कापसाला वनस्पतींचे रंग सहजासहजी धरत नाहीत. आपल्याकडचा जुना पक्का लाल मंजिष्ठेच्या किंवा आल नावाच्या झाडाच्या मुळांतून यायचा. पण नुसत्या काढ्यात सूत बुडवलं तर दोन धुण्यांत रंग निघून जाईल. म्हणून सूत आधी हिरड्याच्या पाण्यात आणि मग तुरटीत. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम एका हातानं कापसाला आणि हिरड्यातल्या तुरट द्रव्याला धरतं, तर दुसऱ्या हातानं रंगाच्या रेणूला. तुरटीच्या जागी लोखंड आलं की तोच काढा जांभळट-काळा रंग देतो. मुळांतल्या या रंगद्रव्यांपैकी अलिझरीन हे १८६८ साली ग्रेब आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी कोळशाच्या डांबरातल्या अँथ्रासीन या द्रव्यापासून प्रयोगशाळेत बनवलं आणि काही वर्षांतच मुळं खणणाऱ्यांचा धंदा बसला.

हा लाल किती जुना? मोहेंजोदडोच्या उत्खननात १९२०च्या दशकात एका चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला. वय चार हजार वर्षांहून जास्त, आणि तो मंजिष्ठेसारख्याच मुळांच्या लालात रंगवलेला. कापूस इतकी वर्षं जमिनीत टिकत नाही. हा टिकला, कारण धातूच्या गंजातून झिरपलेल्या क्षारांनी जिवाणू-बुरशीला जवळ येऊ दिलं नाही. म्हणजे कापड टिकलं ते विषाच्या सोबतीनं.

आता आत्याचा प्रश्न. संग्रहालयांत कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू नये, असा संकेत आहे. भर दुपारचं थेट ऊन सुमारे एक लाख लक्स. उजेडाची इजा साठत जाते: तीव्रता गुणिले वेळ. म्हणजे उन्हातला एक तास म्हणजे या अंधाऱ्या दालनातले दोन हजार तास. रोज आठ तास दिवा लावला, तर अडीचशे दिवस. शिवाय उन्हात अतिनील किरण असतात, ते रंगाबरोबर सेल्युलोजच्या साखळ्याही तोडतात, तो हिशेब वेगळाच. शेतात घालवलेल्या एका हंगामात कापडानं संग्रहालयातली शंभर-दीडशे वर्षं सहज खर्च केली असतील.

आणि ती खर्च करण्यासाठीच होती. नेसून विरलं की कापडाची गोधडी, गोधडी विरली की बाळाचे लंगोट, शेवटी चुलीवरचं भांडं उतरवायचं फडकं. जुनी कुणबी कापडं इतकी कमी का सापडतात, याचं उत्तर चुलीपाशी आहे. श्रीमंतांची जरीची वस्त्रं टिकली, कारण ती वापरलीच गेली नाहीत. त्यामुळे संग्रहालयं पाहून आपले पूर्वज कायम जरीतच वावरत होते असं वाटायला लागतं, ही मला जरा चीड आणणारी गोष्ट आहे.

वेंडेल रॉड्रिग्ज यांना हे उमगलं असावं. फॅशनच्या दुनियेत नाव झालेला हा गोवेकर (२०१४ साली पद्मश्री, २०२० साली निधन) कुणबी कापड पुन्हा मागावर चढवण्याच्या मागे लागला, आणि कोलवाळचं आपलं जुनं घर त्यानं गोव्याच्या पेहरावाच्या संग्रहालयासाठी दिलं. नव्यानं विणलेलं कापड तलम, रंगीत आणि महाग आहे, लावणीत कुणी ते नेसणार नाही. पण मागावर हात चालले तर चौकड्यांची मोजणी विसरली जात नाही, आणि ते काचेच्या कपाटाला जमत नाही.

उजेडापेक्षाही गोव्यात मोठा वैरी म्हणजे पावसाळा. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर गेली की बुरशी वाढायला लागते, आणि आपल्याकडे जुलैत ती ८५-९० टक्के असते. चिऱ्याच्या भिंती त्यात भर घालतात. बुरशीची विकरं, म्हणजे तिचे पाचक रस, सेल्युलोज पचवतात, आणि ती ज्यावर आधी तुटून पडते ती खळ, म्हणजे विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून लावलेली भाताची पेज. मागावर धाग्याला वाचवणारी पेज कपाटात त्याच्या मुळावर उठते. खळ खायला कसर नावाचा तो चंदेरी किडाही येतो. लोखंडी ट्रंकेचा गंज दमट हवेत कापडाला लागला की तिथे साखळ्या झपाट्यानं तुटतात आणि तपकिरी डागाचं भोक होतं.

परतताना पर्वरीपर्यंत आत्या काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, डांबरगोळ्यांचं काय? मी म्हटलं, त्या लोकर आणि रेशीम खाणाऱ्या पतंगांसाठी, सुती लुगड्याकडे ते पतंग सहसा फिरकतच नाहीत. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. आजीची दोन लुगडी ट्रंकेतून काढली होती, खळ जाईपर्यंत तीन पाण्यांतून धुतली होती आणि सावलीत वाळत घातली होती. एकाला मधोमध भोक निघालं. त्याचं काय करायचं हे तिनं मला विचारलं नाही. सुई-दोरा शोधत होती.