चांदणीवाला प्रश्न आणि बिनचांदणीचा प्रश्न: तारांकित-अतारांकितचा घोळ

निवडणूक जवळ आली की फोनवर पत्रकं यायला लागतात, आपल्या खासदारांनी पाच वर्षांत संसदेत इतके शे प्रश्न विचारले, आणि लोक खूश होतात की चला, आपला माणूस बोलतो तिकडे. पण त्यातले बहुतेक प्रश्न सभागृहात कोणी तोंडाने विचारलेलेच नसतात. कागदावर गेले, कागदावर उत्तर आलं. ते वाया गेले असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण "विचारले" या एका शब्दात तारांकित आणि अतारांकित अशा दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात, आणि प्रश्नसंख्येत महाराष्ट्राचे खासदार देशात वरच्या रांगेत असतात त्यामुळे आपल्याकडे हा घोळ जास्तच होतो.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे चांदणी लागली म्हणजे प्रश्न महत्त्वाचा, हॉटेलला स्टार असतात तसं काहीतरी. तसं नाहीये. सदस्याला तोंडी उत्तर हवं असेल तर तो नोटीस देतानाच तसं लिहितो, आणि छापील यादीत त्या प्रश्नाला चांदणीची खूण पडते, बास. अतारांकितला फक्त लेखी उत्तर मिळतं. लोकसभेत दिवसाला तारांकित 20 आणि अतारांकित 230 प्रश्न असतात, नोटीस किमान 15 दिवस आधी द्यावी लागते, आणि कोणाचा नंबर कुठे लागणार ते बॅलटने ठरतं. म्हणजे तुमचा विषय कितीही जिव्हाळ्याचा असला तरी चिठ्ठी निघाली नाही तर चांदणी नाही. शिवाय अध्यक्षांना वाटलं की या प्रश्नाला लेखी उत्तरच बरं, तर ते तारांकित मागितलेला प्रश्न अतारांकितात टाकू शकतात, उदाहरणार्थ पस्तीस-छत्तीस जिल्ह्यांचे तक्ते मंत्र्याने उभं राहून वाचून दाखवण्यात काय अर्थ आहे.

मग चांदणीने मिळतं काय? मिळतो उपप्रश्न. खरा फरक हा इथे आहे आणि बातम्यांमधे नेमका हाच सुटतो. तारांकित प्रश्नाचं मूळ उत्तरही बऱ्याचदा मंत्री वाचत नाहीत, "विवरण सभागृहाच्या पटलावर ठेवलं आहे" एवढंच म्हणतात. त्यानंतर मूळ सदस्याला दोन उपप्रश्न विचारता येतात, मग अध्यक्ष बाकीच्यांना संधी देतात, आणि या उपप्रश्नांची नोटीस नसते, मंत्र्याला ते आधी माहीत नसतात. अधिकारी गॅलरीत फाइली घेऊन बसलेले असतात, चिठ्ठ्या खाली जातात, पण बोलायचं शेवटी मंत्र्यालाच असतं. ही सोय सहज मिळालेली नाहीये. इंग्रजांच्या 1892 च्या कायद्याने कौन्सिलच्या, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळाच्या, सदस्यांना प्रश्न विचारायचा हक्क दिला पण उपप्रश्नाचा नाही, लोकमान्य टिळक 1895 ते 1897 मुंबई कौन्सिलात होते तेव्हा सरकारने उत्तर दिलं की विषय संपला. 1909 मधे मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न मिळाला आणि 1919 च्या सुधारणांनंतर इतर सदस्यांनाही.

उपप्रश्न नसला की काय होतं ते आपण सप्टेंबर 2020 ला बघितलंय. कोविडमुळे त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच, म्हणजे ज्यात तारांकित प्रश्न पुकारतात तो तास, रद्द केला होता, फक्त अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तरं. पहिल्याच दिवशी विचारलं गेलं की लॉकडाउनमधे घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मरण पावले, आणि कामगार मंत्रालयाचं उत्तर आलं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. संपलं तिथेच. आता विचार करा की तोच प्रश्न तारांकित असता आणि तास चालू असता तर कोणीही उठून म्हणालं असतं की 8 मे ला करमाडजवळ रुळावर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले, त्याची नोंद रेल्वेकडे आहे की नाही, असेल तर तुमच्या मंत्रालयाने ती मागवली का? याला "आकडेवारी ठेवलेली नाही" हे उत्तर पुरलं नसतं. मला अजूनही ते लेखी उत्तर आठवलं की वाईट वाटतं.

पण म्हणून अतारांकितला दुय्यम समजू नका, तिथेही तुम्ही काय विचारता यावर सगळं आहे. "शेतकऱ्यांच्या हितासाठी सरकार काय पावलं उचलत आहे" असं विचारलंत तर योजनांची नावं असलेली तीन पानं येतील आणि त्यात माहिती शून्य. तेच जर विचारलं की पीक विम्याचे दावे जिल्हानिहाय आणि वर्षनिहाय किती आले, किती नाकारले, कोणत्या कारणाने नाकारले, तर परिशिष्टात तक्ता येतो, आणि तो तक्ता पत्रकार, कार्यकर्ते, अभ्यासक सगळे वर्षानुवर्षं वापरतात. माझ्या मते अतारांकित प्रश्न चांगला की वाईट हे त्याच्या उत्तरात आकडा येतो की विशेषणं येतात यावरून कळतं. "माहिती गोळा करण्यात येत आहे" असं उत्तर आलं तरी ते आश्वासन धरलं जातं, लोकसभेत साधारण तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं आणि त्यावर आश्वासन समितीची नजर असते.

आपल्या विधानमंडळातही हेच दोन प्रकार आहेत पण भाषेचा साचा खास आपला. "अमुक ठिकाणी तमुक झालं, हे खरे आहे काय", मग "असल्यास, चौकशी केली आहे काय", "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". आता यात गंमत नाही तर तोटा आहे, कारण पहिल्या कलमात एक तारीख किंवा एक आकडा जरी चुकला तरी खात्याला "हे खरे नाही" असं लिहायची मोकळीक मिळते आणि खालच्या सगळ्या कलमांना "प्रश्न उद्भवत नाही". गावातला पूल पडलेला असतो, लोक वळसा घालून जात असतात, आणि कागदावर प्रश्नच उद्भवत नाही! म्हणून जुने जाणकार आमदार पहिलं कलम एवढं बारीक तपासून लिहायचे. उत्तर "अंशत: खरे आहे" असं आलं तर मात्र उपप्रश्नाला दार उघडतं, कारण मग विचारता येतं की कोणता अंश खरा ते सांगा.

अजून एक मुद्दा, जो खासदारांच्या कुठल्याच प्रगतिपुस्तकात धरत नाहीत. यादीत तारांकित 20 असले तरी तासाभरात बरेचदा पाच-सहाच पुकारले जातात, बाकीच्यांना लेखी उत्तर मिळतं, म्हणजे चौदाव्या नंबरचा तारांकित प्रश्न प्रत्यक्षात अतारांकितच झाला. गोंधळात तास बुडाला तर सगळे विसच्या वीस. 2009 च्या हिवाळी अधिवेशनात तर नाव पुकारल्यावर बहुतेक प्रश्नकर्तेच जागेवर नव्हते आणि तास गुंडाळावा लागला होता. आणि लेखी प्रश्नावर सही करायला तो समजलेला असावा लागत नाही, 2005 मधे पैसे घेऊन दुसऱ्याने लिहून दिलेले प्रश्न दिल्याबद्दल 11 खासदारांची खासदारकी गेली ती यातूनच.

प्रश्नोत्तरं आणि चर्चा या दोन्हीची जोड कशी लागते याचं उदाहरण मुंदडा प्रकरण. 1957 मधे लोकसभेत प्रश्न आला की नव्या आयुर्विमा महामंडळाने (एलआयसी) उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर घेतलेत का. उत्तरांतून आणि कागदांतून थोडी थोडी माहिती बाहेर येत गेली आणि 16 डिसेंबरला काँग्रेसचेच खासदार फिरोज गांधी चर्चेला उभे राहिले ते सगळे आकडे, तारखा हाताशी घेऊन. सहा कंपन्या, साधारण 1 कोटी 24 लाख रुपये. चौकशीला मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला नेमले, सुनावणी मुंबईत उघड झाली, गर्दी एवढी की बाहेर लाउडस्पीकर लावावे लागले, आणि फेब्रुवारी 1958 मधे अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींनी राजीनामा दिला. ते भाषण गाजलं कारण खाली प्रश्नोत्तरांची पक्की बैठक होती.

तर आपल्या खासदाराचे प्रश्न तपासायचे असतील तर संसदेच्या साइटवर नाव टाकून तारांकित वेगळे काढा, त्यातला एक तरी पुकारला गेला होता का बघा, आणि त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत जाऊन शोधा की मंत्र्यांचं उत्तर झाल्यावर तुमच्या खासदाराने दुसरा उपप्रश्न काय विचारला. तो मंत्र्यांनी नुकत्याच दिलेल्या उत्तराला धरून होता, की घरून लिहून आणलेला होता, ते दोन ओळींत कळतं.